बाईचा आवाज आणि ऑटोवरच्या मोटारी

मेहरू,

आधी माझ्या अक्षराची माफी मागते. चौथीपर्यंत आपण एकाच बाकावर बसलो, तेव्हाही माझ्या ओळी पाटीवरून उतरून पळायच्या. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. तुझ्या दुकानात मी कॅसेटच्या पाठीवर नावं लिहायला बसायची, तेव्हा तू मागून येऊन माझ्या वेलांट्या दुरुस्त करायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस. आता चुका जशा पडतील तशा राहतील. हे कुणाला दाखवायचं नाही. बाई दुपारची झोपली आहे, हे काळीपिवळी घेऊन अकोल्याला गेले आहेत, म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यापासून मला एकाच दिवसाची आठवण येते. शाळेची नाही, तुझ्या लग्नाच्या गोष्टी मोडल्या त्याची नाही, अकोल्याच्या दवाखान्यातली तर मुळीच नाही. तापाने फणफणलेली तू मला आठवायचीच नाही. बाईचा आवाज तुझ्या दुकानात भरून घेतला तो दिवस आठवतो. अजूनही तो आठवला की वाटतं, आवाज राहतो की जातो ते ठरायचंच आहे.

आमच्या आईला आम्ही बाई म्हणतो, आणि तूही बाईच म्हणायचीस. बाळापूरच्या आपल्या गल्लीत भुलाबाईच्या गाण्यांना बाईसारखा आवाज नव्हता. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात भुलाबाई आणि भुलोजी, समोर आपण पोरी दाटीवाटीने बसलेल्या. गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा. तू डबा कानाशी हलवायचीस, नाकाशी न्यायचीस आणि सांगायचीस. ‘हे खानाची पोर कशी ओळखते वं दरवर्षी?’ म्हणून बाकीच्या चिडायच्या. बाईच तुला आधी डोळ्याने खूण करायची हे मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. मी तशीही कुणाला काही सांगत नसायची.

त्या वर्षी गल्लीत भुलाबाई बसलीच नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या माणसाने कापूस घरात यायच्या आधीच फवारणीचं औषध घेतलं, त्यानंतर कुणाच्या दारात गाणं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. त्याच महिन्यात बाईच्या गळ्यातली गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरने पाहिलं आणि नागपूरला चिठ्ठी दिली. बोलायची जागाच काढावी लागेल म्हणाले. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तोवर कमी बोला, गाणं तर नकोच.

मी तुझ्या दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा तू एका लग्नाची सीडी भरत होतीस. अब्बांच्या कॅसेटच्या दुकानात आता कॅसेटा कुणी घेत नव्हतं. भजनी मंडळंही बंद पडत चालली होती, एकदा आलेली परत येत नव्हती. तू जुना कॉम्प्युटर आणून त्यावर तगून होतीस.

‘कधी जाऊन राहिले नागपूरले?’ तू विचारलंस.

‘उद्या सकाळच्या गाडीनं.’

‘मंग आज आन बाईले. आत्ता आन.’

‘डॉक्टर म्हनले, गाऊ नका.’

‘डॉक्टरले भुलाबाई माहीत हाये काय? आन तू.’

बाईला मी विचारायच्या आधीच तिने लुगडं बदललं होतं.

दुकानात आल्यावर बाईने तुझा माईक पाहिला आणि म्हणाली, ‘मले इलेक्शनले उभी करून राहिली का वं?’ तिचा आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता. बोलताना अडखळायची, पण गाण्यात तो कुठून तरी मोकळा व्हायचा. किती वेळ मोकळा राहील हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या गळ्यात किती गाणी उरली आहेत याचा अंदाज न डॉक्टरला होता, न आपल्याला. एक गाणं वाया गेलं तर ते परत मागता येणार नव्हतं.

आणि पहिलंच वाया गेलं.

बाईने सुरुवात केली, सुंदर केली. पण तू कानाला लावलेल्या हेडफोनवर हात दाबून धरलास आणि तुझा चेहरा बदलला. तू थांबवून मला ऐकवलंस. बाईच्या आवाजात मधे मधे तडतड होत होती, तव्यावर लाह्या फुटतात तशी. मधेच एखादा शब्द गिळल्यासारखा नाहीसा.

‘माईक खराब हाये काय?’ मी विचारलं.

‘माईक बरोबर हाये. याच्या पोटात बाकीचे जागे झाले.’

मला कळलं नाही. तेव्हा तू जे सांगितलंस ते मला अजून पाठ आहे, कारण कॉम्प्युटरची मला समजलेली ती एकच गोष्ट.

‘वावरातल्या मोटारीले लोकं ऑटो बसवतात का नाई? माणूस नसला तरी लाईन आली की मोटार आपोआप सुरू. आता साऱ्या गावाच्या मोटारी ऑटोवर. लाईन आली की साऱ्या एकदम उठतात, मंग काय होते?’

‘लाईट मिणमिणते. कधी साऱ्या गावाची डीपी जळते.’

‘तसंच हे मशीन. यानं कोनाले व्हायरस शोधाले सांगतलं, कोनाले नवीन सामान आनाले सांगतलं, कोनाले प्रिंटरकडे पाहाले. रोजची वेळ ठरेल हाये. पन लोडशेडिंगनं वेळेवर लाईन नसते, तं साऱ्याइचं काम राहून जाते. आत्ता लाईन आली तं सारे म्हनतात, आधी मायं. अन् त्याच्यात आपली बाई गाऊन राहिली. तिले दम कुठून भेटन?’

बाई खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, ‘म्हंजे तुया घरात बी जावाच जावा हायेत म्हन की.’ आणि हसताना तिला खोकला आला. तो खोकला थांबेपर्यंत आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मग तू एकेकाला बंद करायला बसलीस. पडद्यावर लांबलचक नावं, एकाखाली एक. तू बोटाने दाखवून पुटपुटत होतीस. हा जाय. हा बी जाय. याले हात लावला तं सारंच बंद पडन, हा राहू दे. मी मागे उभी राहून पाहत होते. एका नावापाशी तू थांबलीस.

‘हा साफसफाईवाला. मशीन सुरू झालं की झाडून काढते सारा कचरा, मंग दिवसभर झोपते. आता झोपेलच हाये. राहू दे त्याले.’

पुढे आणखी एक होता. तो मशीनखालच्या बॅटरीवर नजर ठेवायचा. लाईन गेली की पडद्यावर पाटी लावायचा, आणि बॅटरी संपायच्या आत सगळं नीट जपून मशीन बंद करायचा.

‘हा सारखा सारखा लाईनकडे पाहून राहिला. तडतड याचीच जास्त हाये.’ तू त्यालाही बंद केलंस. बॅटरीचा पीं पीं वाजणारा भोंगाही बंद केलास, गाण्यात येऊ नये म्हणून.

‘मंग लाईन गेली तं कसं समजीन?’ मी विचारलं. एवढं मी विचारलं होतं, मेहरू.

तू वर बोट दाखवलंस. ‘पंखा थांबन ना.’

खरंच होतं. आपल्याकडे लाईन गेली हे सगळ्यांना पंख्याकडे पाहूनच कळतं.

तू पुन्हा हेडफोन लावलास. आता तडतड नव्हती. नुसता एक घूं घूं आवाज राहिला होता. तू मान वर केलीस, उठलीस, आणि पंख्याचं बटण बंद केलंस. समोरच्या चक्कीवाल्या काकांना तू आधीच हात जोडून थोडा वेळ चक्की थांबवायला सांगितलं होतंस. दुपारचं ऊन दारातून आत येत होतं, म्हणून ट्यूबही लावलेली नव्हती. लाईन आहे की नाही हे सांगणारं एकही माणूस किंवा वस्तू आपण त्या खोलीत ठेवली नाही. आणि दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही.

बाई गायला लागली.

तसं गाणं मी तिच्याकडून लहानपणीही ऐकलं नव्हतं. डोळे मिटलेले, एक हात मांडीवर ठेका धरून. एक ओळ ती म्हणायची आणि मागची ओळ पोरींनी म्हणायची, अशी ती गाणी. तिने ओळ सोडली आणि माझ्याकडे तोंड केलं. तू पण मला हाताने खुणावलंस, म्हण. माझे ओठ उघडले नाहीत. खोलीत बाई आणि तू, दोनच माणसं, दोन्ही माझीच. तरी माझ्या गळ्यातून काही येईना. बाईने तेवढी जागा नुसत्या ठेक्यावर जाऊ दिली आणि पुढची ओळ घेतली. पुन्हा जागा सोडली. प्रत्येक वेळी सोडली. गाण्यामागून गाणी झाली आणि ती माझ्यासाठी जागा सोडतच राहिली. मधे तू हळूच म्हणायचीस, ‘हं बाई, पुढचं.’ ती पाण्याचा घोट घ्यायची आणि पुढचं घ्यायची. आवाज फाटायला लागला होता. तुझ्या कपाळावर घामाचे थेंब होते, पण तू पुसायला हात हलवत नव्हतीस.

शेवटचं गाणं, खाऊ ओळखायच्या आधीचं. ते संपत आलं होतं आणि पडदा काळा झाला.

नुसता काळा. काही आवाज नाही, काही पाटी नाही. बाई डोळे मिटून गातच होती. तिला थांबवायचा धीर तुलाही झाला नाही, मलाही नाही. तिने गाणं संपवलं, डोळे उघडले, आणि आपले चेहरे पाहून विचारलं, ‘काय झालं वं?’

‘लाईन गेली, बाई.’

‘कव्हा?’

ते कुणाला सांगता येणार होतं? लाईन कधीच गेली होती. बॅटरीवर जेवढं चाललं तेवढं चाललं.

बाई खुर्चीला टेकली. तिला पुन्हा म्हणता येणार नव्हतं हे आपल्याला तिच्या श्वासावरून दिसत होतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवायला गेले. तू मात्र खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे पाहत होतीस. मला तुझा राग आला, मेहरू. वाटलं, हिने बंद करून करून सगळं बंद केलं. मी ते बोलले नाही. चेहऱ्यावर दिसलं असेल.

मग तू स्वतःशीच बोलायला लागलीस. ‘बाई गाताना गाताना मशीन लिहून ठेवते. कचऱ्याच्या डब्यातच ठेवते, पन ठेवते. मी सेव केलं नाई तरी तिथं असन. मशीन उठलं की भेटन.’ तुझ्या तोंडावर जरा रंग आला, आणि लगेच गेला. ‘या अल्ला. साफसफाईवाला.’

तू टेबलाखाली घुसलीस. इतक्या घाईने, की डोकं लाकडाला आपटल्याचा आवाज आला. लोडशेडिंगमुळे गिऱ्हाईक ताटकळू नये म्हणून ते मशीनच तू ऑटोवर टाकलं होतंस. लाईन आली की आपोआप उठायचं, आणि उठलं की पहिलं काम झाडून काढायचं. कचऱ्याच्या डब्यासकट. बाईच्या आवाजासकट.

तू खालून वायर ओढलीस. काकांचा थोडा वेळ कधीच संपला होता; प्लग निघाला आणि तेवढ्यात समोरची चक्की घरघरली. लाईन आली होती. तू टेबलाखाली बसलेली, हातात प्लग, कपाळावर टेंगूळ. बाई म्हणाली, ‘उंदीर घुसला का वं?’

पुढचं मला अजूनही श्वास रोखूनच आठवतं. मशीन सुरू तर करायचं होतं, पण असं, की बाकीचं कुणी जागं होऊ नये. त्यासाठी सुरू होताना एक बटण बरोबर वेळेवर दाबायचं असतं, म्हणालीस. जरा उशीर झाला तर सगळे उठतात. आणि तुझ्या कीबोर्डचं तेच बटण अर्धं बसलेलं होतं.

‘दुसऱ्या कोनाचा आनू काय?’ मी म्हटलं.

‘कोनाचा? अन् तवर लाईन राहीन काय?’

तू मला प्लग लावायला सांगितलंस. तू बटणावर बोट ठेवून बसलीस. मी खाली वाकून बिस्मिल्ला म्हटलं, तू म्हणायचीस तसं, आणि गणपतीचंही नाव घेतलं. प्लग लावला. तू टकटकटक दाबत राहिलीस. पडद्यावर काही अक्षरं आली, गेली. पुन्हा काळं. मग मोठमोठ्या चौकटींचा, ओबडधोबड असा पडदा उघडला आणि तू खुर्चीत मागे टेकलीस.

‘उठलं. एकटंच उठलं.’

तू शोधलंस. बारीक बारीक तुकडे, वाचता न येणारी नावं. तू ते सगळे उचलून दुसऱ्या जागी ठेवलेस.

‘ऐकव,’ मी म्हटलं.

‘नाई येत. असं उठवलं की हे मुकं असते. आवाजवाला बी झोपेलच हाये.’

म्हणजे तुकडे होते, पण त्यात बाई होती की नुसती तडतड, की काहीच नाही, ते कळायला मार्ग नव्हता. तू साफसफाईवाल्याला कायमचं काढलंस, बाकीच्यांनाही काढलंस, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलंस. बाई मान कलती करून बसली होती. आता तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, ती नुसती वाट पाहत होती. तू तुकडे जोडत होतीस. एखादा चुकला की स्वतःवरच चिडत होतीस.

मग बाईचा आवाज आला. मोकळा, सरळ, एक लाही फुटली नाही. शेवटच्या गाण्याच्या अर्ध्यावर तो तुटतो. बाकी सगळा आहे.

बाईने सगळं ऐकलं. म्हणाली, ‘बरी होती म्हन की म्हातारी.’ माझ्या ध्यानात राहिलेलं तिचं ते शेवटचं हसरं बोलणं.

ती नागपूरहून परत आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि बोलायला हात होते. तू मधल्या काळात अकोल्याला जाऊन एक वेगळी डिस्क आणली होतीस, फक्त बाईच्या गाण्यांसाठी. ‘या मशीनवर आता माया भरवसा नाई,’ म्हणालीस. मला ऐकवलंस तेव्हा आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

तू सगळं साफ केलं होतंस. खोकला काढला, पाण्याच्या घोटाचा आवाज काढला. मी म्हटलं, माझ्या रिकाम्या जागाही काढ. नुसता ठेका ऐकू येतो, ऐकणाऱ्याला वाटतं कुणी तरी मुकं बसलं आहे.

‘त्या नाई काढत.’

‘काहून?’

‘त्या बाईनं ठेवल्या. तुयासाठी ठेवल्या. माया काय हक? तुले भरायच्या तव्हा भर.’

‘मी नाई भरत.’

‘मंग राहू दे रिकाम्या.’

मी रागाने आठ दिवस दुकानात आले नाही. पुढेही दर वेळी तू माईकचं टोपण काढून माझ्यासमोर ठेवायचीस, मी विषय बदलायची, तू टोपण परत लावायचीस. मी अजून त्या भरलेल्या नाहीत. भरेन असं वचनही देत नाही. तू असतीस तर तुझ्याशी भांडत भांडत कदाचित भरल्या असत्या.

तू गेलीस त्या दिवशी मी बाईला घेऊन तुझ्या घरी आले. बायकांच्या गर्दीत बाई रडली. तोंड उघडं, खांदे हलत होते, आवाज नाही. सगळ्या बायका तिच्याकडे पाहत राहिल्या. तुझ्या अम्मींनी तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘तेरी बाई की आवाज तो मेहरू ने रख ली. मेरी मेहरू की किसने रखी?’

मी घरी आले. तुझ्याकडे शिकलेली मुलगी अकोल्याला ताजनापेठेत काम करते, तिच्याकडे बाईची डिस्क नेली आणि हेडफोन लावून सगळी गाणी ऐकली. गाणी नाही, मधल्या जागा ऐकल्या. तू म्हणाली होतीस ‘हं बाई, पुढचं’. एकदा नाही, दर गाण्यानंतर. कुठे तरी एक तरी राहिलं असेल असं वाटलं. नाही. खोकल्याबरोबर तू स्वतःलाही काढून टाकलंस. माझा मुकेपणा जपून ठेवलास आणि तुझा आवाज कचऱ्यात टाकलास. हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं, आणि ते मला कळलं तेव्हा तू नव्हतीस. काम इतकं चोख कशाला करायचं, मेहरू? एक जागा चुकायची होती.

अम्मींना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून काल मी तू आणलेल्या त्या डिस्कचे पैसे घेऊन गेले. तू घेत नव्हतीस, मी शिवणाच्या पैशातून थोडे थोडे तुझ्या गल्ल्यात टाकायची आणि तू पाहून न पाहिल्यासारखं करायचीस. थोडे राहिले होते. तुझा चाळीसवा दिवस व्हायच्या आत द्यायचे होते.

अम्मींनी नोटा हातात घेऊन विचारलं, ‘काय के पैसे बेटा?’

मी सांगितलं. मग सांगता सांगता त्या दिवसाचं सगळंच सांगितलं, लाईन, पंखा, टेबलाखालचं टेंगूळ. तू कशी बोललीस ते तुझ्यासारखं बोलून दाखवलं. ‘या अल्ला, साफसफाईवाला’ म्हटलं तेव्हा त्या हसल्या आणि पदराने तोंड झाकलं. ‘फिर से बोल,’ म्हणाल्या. मी पुन्हा बोलले. ‘हं बाई, पुढचं’ ही बोलले. माझ्या तोंडून इतके शब्द त्या घरात पहिल्यांदाच निघाले असतील.

उठले तेव्हा त्यांनी नोटा मुठीत धरल्या होत्या. ‘सब हो गये ना?’

‘हाव अम्मी. सारे फिटले.’

‘तो अब बगैर पैसों के आना.’